हिरवं झाड दुपारी मान टाकतंय? फवारा खाली ठेवा अन् आधी ग्लासभर पाणी घ्या

आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"ताई नमस्कार. आम्ही सातगाव पठारावरचे, दरवर्षी पावसाळी बटाटा असतो. यंदा दीड एकर केला, बियाणं २० कट्टे. त्यातले १२ मंचरहून प्रमाणपत्राचा टॅगवाले आणले, ८ कमी पडले ते गावातल्याच एकाकडून घेतले, त्यांनी मागच्या वर्षीचे कोल्ड स्टोरेजला ठेवले होते, स्वस्तात दिले. सगळं कापून लावलं. ४०-४५ दिवस पीक एक नंबर. मग वरच्या कोपऱ्यात झाडं दुपारची सुकायला लागली, संध्याकाळी परत टवटवीत, चार-पाच दिवसांनी कायमची आडवी. पान मात्र हिरवंच. दुकानदाराने मर म्हणून बुरशीनाशक दिलं, दोनदा आळवणी (मुळाशी ओतलं), एकदा फवारणी, मग म्हणला अँटिबायोटिक मारा, तेपण मारलं. फरक शून्य. आता उताराने खाली खाली सरकत १५ गुंठे गेलंय. बटाटा कापला तर आत तपकिरी रिंग आणि दाबलं की पांढरं पूसारखं येतं. वडील म्हणतात हे रासायनिक खतांमुळं, पूर्वी असलं काही नव्हतं. खालचं एकर चांगलं दिसतंय, त्यातलं बियाणं ठेवू असंही म्हणतात. आता कोणतं औषध मारू? बियाणं ठेवू का? या रानात पुढं टोमॅटो करू का? खालच्या बांधाला चुलत्यांचाही बटाटा आहे. आणि घरामागच्या तुकड्यात बटाट्याला खरूज येते, त्याचंही सांगा."

दादा, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा थोडी चिडचिड झाली, तुमच्यावर नाही, तर त्या आळवण्या-फवारण्यांच्या बिलावर. कारण तुम्ही जे लिहिलंय ना, पान हिरवं असताना मान टाकणं, संध्याकाळी परत उठणं, आत तपकिरी रिंग अन् पांढरं पू, ते वाचून शेंबड्या पोरानं पण सांगावं की ही बुरशीची मर नाही, ही बांगडी आहे. जिवाणूची मर. कापलेल्या बटाट्यात ती रिंग बांगडीसारखी दिसते म्हणून आपल्याकडे जुन्या लोकांनी तिला बांगडी म्हटलं, पुस्तकात तिचा जिवाणू राल्स्टोनिया सोलानेसिरम नावाने सापडेल.

आता कोणतं औषध मारू याचं उत्तर आधी देऊन टाकते म्हणजे तुम्ही परत दुकानात जाणार नाही. कोणतंच नाही. उभ्या पिकातली बांगडी बरी करणारं औषध नाहीये. हा जिवाणू मुळातून आत शिरतो आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांमध्ये बसतो, तिथं एवढा वाढतो की नळ्या चिकटाने तुंबतात अन् वर पाणीच चढत नाही. म्हणून झाड दुपारी उन्हात सुकतं, रात्री ऊन नसलं की थोडं सावरतं, अन् नळी पूर्ण बंद झाली की संपलं. पान पिवळं पडायलाही वेळ मिळत नाही. तुम्ही पानावर काय मारणार अन् ते नळीत कधी पोचणार? बुरशीनाशक तर जिवाणूला लागूच नाही. अँटिबायोटिकचं म्हणाल तर माझं स्पष्ट मत आहे की ते शेतात मारूच नये, पैसे जातात तो भाग वेगळा पण माणसाची औषधं रानात ओतून आपण उद्याच्या दवाखान्याचं वाटोळं करतोय, अन् केंद्र सरकारने पण डिसेंबर २०२१ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन अन् टेट्रासायक्लिन शेतीतून बंद करायचा मसुदा काढला होता.

पण माझ्यावर विश्वास ठेवायचं काही कारण नाही, मी काय तुमच्या रानात उभी नाहीये. तुम्ही स्वतः तपासा, फुकटात होतं. नुकतंच सुकायला लागलेलं झाड घ्या, पार वाळलेलं नको. जमिनीलगत खोडाचा बोटभर तुकडा कापा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या, गढूळ नको, अन् तो तुकडा दोऱ्याने नाहीतर चिमट्याने असा धरा की खालचं कापलेलं टोक पाण्यात बुडेल. हलवायचं नाही, ग्लास पण हलवायचा नाही. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून पांढरी दुधाळ दोऱ्यासारखी धार खाली उतरताना दिसली की बांगडी नक्की. बुरशीच्या मरीत अशी धार येत नाही. हीच गोष्ट दुकानदाराने पहिल्या दिवशी केली असती तर तुमच्या दोन आळवण्या वाचल्या असत्या, पण ग्लासभर पाणी काय विकता येत नाही ना. जाऊ दे, सगळेच दुकानदार तसे नसतात, माझ्या ओळखीत चांगलेही आहेत.

वडिलांना एक गोष्ट सांगा, प्रेमाने सांगा, वाद घालायला नको. बांगडी नवी नाही. भारतात या रोगाची पहिली नोंद आपल्याच पुणे जिल्ह्यातली आहे, १८९२ सालची. तेव्हा कुठला युरिया अन् कुठलं १०:२६:२६! अमेरिकेत स्मिथ नावाच्या शास्त्रज्ञाने या जिवाणूला नाव दिलं तेच मुळी १८९६ मध्ये, म्हणजे आपल्याकडच्या बटाट्यात तो बारशाच्या आधीच नांदत होता. खतांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, नत्र जास्त झालं की झाड लुसलुशीत होतं अन् बटाटा काढणीनंतर सडायला सोपा जातो, पण बांगडी खताच्या गोणीतून येत नाही. ती येते बियाण्यातून, पाण्यातून, मातीतून, अन् विळ्यावरून.

अन् इथंच तुमच्या पत्रातली एक ओळ मला खटकली. १२ कट्टे टॅगवाले, ८ गावातले. दादा, वरच्या कोपऱ्यात कोणते लावले होते ते आठवा बरं. मी पैज लावत नाही पण माझा अंदाज आहे की तिथं ते ८ कट्टेच असणार. पंजाब-हरियाणाच्या सपाट भागातलं बियाणं बांगडीच्या बाबतीत बरंच सुरक्षित धरतात, तिकडचा कडक उन्हाळा अन् कडक थंडी या जिवाणूला मानवत नाही. पण आपल्या भागात, किंवा डोंगराळ थंड भागात, एकदा रोग येऊन गेलेल्या रानातलं बियाणं असेल तर ते वरून एकदम छान दिसतं अन् आत जिवाणू घेऊन बसलेलं असतं. कोल्ड स्टोरेजमध्ये तो मरत नाही, गारठ्यात झोपतो. जूनमध्ये तुम्ही लावलं, जमीन गरम, ओल भरपूर, झाला जागा. त्या गावातल्या माणसाने तुम्हाला फसवलं असं मी अजिबात म्हणत नाहीये, त्यालाही माहीत नसणार, डोळ्याला दिसतच नाही ते.

मग विळ्याचं. तुम्ही म्हणता सगळं कापून लावलं. बाया ओळीने बसल्या असतील, समोर ढीग, हातात विळे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच पातं. एका बाधित बटाट्यावरून पातं फिरलं की पुढच्या कित्येक फोडींना ते लागत जातं, अन् आधी ते ८ कट्टे कापून मग टॅगवाले कापले असतील तर तुम्ही पैसे मोजून आणलेल्या चांगल्या बियाण्याला पण घरीच प्रसाद दिला. फोडींना बुरशीनाशकाची पावडर चोळतो आपण, त्याने बुरशीची सड थांबते, जिवाणूला ती काही करत नाही. म्हणून मी कायम सांगते, अख्खा बटाटा लावा, ३०-४० ग्रॅमचा, कोंबडीच्या लहान अंड्याएवढा. मान्य आहे महाग पडतो, कट्टे जास्त लागतात. अगदीच कापायची वेळ आली तर दोन-तीन पाती ठेवा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून आलटून पालटून वापरा, अन् कापताना आत रिंग किंवा डाग दिसला की तो बटाटा बाजूला, पातं पाण्यात, अन् त्या कट्ट्यातले अजून दहा-वीस कापून बघायचे. त्यातही दिसलं तर अख्खा कट्टा परत. बाया वैतागतील, कामाचा खोळंबा होतो, होऊ दे.

आता तुमच्या उभ्या पिकाचं. ज्या १५ गुंठ्यात पडझड झालीये तिथं जाऊन उगाच खुरपणी, भर लावणी (झाडाच्या बुडाशी माती चढवणं) करत बसू नका, प्रत्येक वेळी खुरप्याने मुळं तुटतात अन् त्या जखमेतून जिवाणू शिरतो. त्या पट्ट्याच्या कडेला जी झाडं आत्ता आत्ता सुकायला लागलीत ती मातीसकट, खालच्या बटाट्यासकट उचला, पोत्यात घाला, ओढत नेऊ नका. रानाबाहेर उंचावर खड्डा करून पुरा. त्या खड्ड्यात अन् झाड काढलेल्या जागी ब्लीचिंग पावडर टाका. उकिरड्यावर टाकायचं नाही, कारण तोच उकिरडा पुढच्या वर्षी शेणखत म्हणून सगळ्या रानात पसरतो. ओढ्यात, विहिरीच्या कडेला तर नाहीच नाही. अन् वरून येणारं पाणी त्या पट्ट्यातून न जाता कडेने काढून देता आलं तर बघा, एक चर मारला तरी खूप फरक पडतो. पावसात कसा मारू म्हणाल, उघडीप मिळाली की मारा.

काढणीला घाई नको पण उशीरही नको. पाला कापून टाका अन् मग १०-१५ दिवस बटाटा जमिनीत राहू दे, साल पक्की होते. आधी खालचं चांगलं एकर काढा, रोगाचा पट्टा सगळ्यात शेवटी, अन् त्यानंतर अवजारं, ट्रॅक्टरची चाकं, चपला सगळं धुवा. उलटं केलंत तर तुम्हीच रोग घेऊन चांगल्या रानात शिराल. ओल्या रानात काढू नका, पाऊस लागला तर दोन दिवस थांबा, ओला बटाटा ढिगात गेला की मऊ सड लागते, ती पण जिवाणूचीच, पेक्टोबॅक्टेरियम नावाचा वेगळा भिडू. बांगडी लागलेल्या बटाट्यात हा मागून घुसतो अन् मग जो वास सुटतो तो तुम्हाला मी सांगायची गरज नाही, एकदा नाकात गेला की आठवडाभर जेवण जात नाही. म्हणून रोगाच्या पट्ट्यातला बटाटा अरणीत, म्हणजे साठवणीच्या ढिगात, लावायचाच नाही, त्यातला चांगला निवडून लगेच बाजार दाखवा. खायला चालतो, माणसाला या रोगाने काही होत नाही, ते टेन्शन घेऊ नका, फक्त बियाण्याला म्हणून कुणाला देऊ नका. खालच्या एकराचा बटाटा सावलीत पसरून सुकवा, जखमेचा वेगळा काढा, अन् मग अरण लावा, कंबरेच्या वर ढीग नको, अन् प्लॅस्टिकचा कागद अंगालगत टाकू नका, आत घाम सुटतो अन् घामावर सड वाढते. पाचट किंवा वाळलं गवत टाका.

बियाणं ठेवू का? नाही. हे नाही मी जरा जोरात म्हणतेय कारण मला माहितीये घरी काय होणार. वडील म्हणणार अरे हे बघ किती गोल, स्वच्छ, एकही डाग नाही, अन् बियाण्याचा भाव दरवर्षी डोळे पांढरे करतो तेही खरं. पण एकच रान, एकच पाणी, एकाच विळ्याने कापलेलं बियाणं. त्यातला चांगला दिसणारा बटाटा म्हणजे तुम्हाला स्वस्तात मिळालेले तेच ८ कट्टे, फक्त यावेळी देणारे तुम्ही. वडिलांना तोंडी सांगून पटणार नाही, तर असं करा, त्या चांगल्या एकराच्या खालच्या टोकाचे नाही, रोगाच्या पट्ट्याला लागून असलेले २०-२५ बटाटे आणा, ज्या बाजूने वेलीला चिकटलेला असतो त्या बाजूने आडवे कापा, दोन मिनिटं ठेवा अन् हळूच दाबा. रिंगेवर पांढरे थेंब एकाला जरी आले तरी बोलायचं काही उरत नाही. अन् एकालाही नाही आले तरी माझं उत्तर नाहीच राहणार, कारण आतमध्ये थोडेसे जिवाणू असले तर डोळ्याला कळत नाही.

पुढच्या वर्षीचं बियाणं घेताना टॅग बघा. पायाभूत बियाण्याला पांढरा टॅग, प्रमाणित बियाण्याला निळा. टॅग कट्ट्याला शिवलेला असावा, हातात वेगळा दिलेला टॅग म्हणजे लग्नाशिवाय आहेराचं पाकीट, कशाला जोडायचं तेच कळत नाही. तीन-चार घरं मिळून गाडी मागवलीत तर भाव पण बरा पडतो अन् कुठून माल आला ते विचारायला तोंड राहतं. बांगडीला पक्की टक्कर देणारी जात मिळेल या आशेवर राहू नका, ज्योती घ्या, पुखराज घ्या, कंपनीच्या करारातली घ्या, यातली एकही बांगडीपुढं टिकत नाही.

टोमॅटोचा विचार आत्ताच्या आत्ता डोक्यातून काढा. नारायणगावचा बाजार जवळ, भाव लागला तर सोनं, सगळं समजतं मला. पण टोमॅटो, वांगी, मिरची, ढोबळी ही सगळी बटाट्याची भावकी, हा जिवाणू त्यांच्याकडे तितक्याच आनंदाने जेवतो, २०० च्या वर झाडांवर जगतो तो. भुईमूग अन् आलं पण टाळा. दोन-तीन वर्षं बेवड बदला, म्हणजे त्या रानात वेगळी पिकं घ्या. बटाटा निघाला की ज्वारी किंवा गहू, पुढच्या पावसाळ्यात बाजरी नाहीतर मका, मग कांदा, लसूण, कोबी काय परवडेल ते. कांद्याचं म्हणाल तर कांदा-लसणाचं केंद्राचं संशोधन संचालनालय तुमच्या शेजारीच राजगुरुनगरला आहे, जाऊन विचारा की, आपल्या जिल्ह्यात असून आपण तिकडे फिरकत नाही. अन् बेवड बदलला म्हणून स्वस्थ बसू नका, मागचे राहिलेले बटाटे आपोआप उगवून येतात ना, ते उपटत राहायचं, कामोणी अन् धोतऱ्यासारखं तण पण, नाहीतर ज्वारीच्या रानात जिवाणू त्यांच्यावर मजेत दिवस काढतो अन् तुम्हाला वाटतं तीन वर्षं सुट्टी दिली. उन्हाळ्यात खोल नांगरट करून ढेकळं मे महिनाभर तापू द्या. मुळांवर गाठी दिसत असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले बारीक जंत आहेत, त्याने मुळांना भोकं पडतात अन् बांगडीचं काम सोपं होतं, अशा रानात एखादा झेंडू घ्या, फुलांचे पैसे पण होतात.

परत बटाटा लावाल तेव्हा लावणीच्या वेळी सरीत ब्लीचिंग पावडर टाकायची शिफारस आहे, हेक्टरी १२ किलो, म्हणजे एकरी साधारण ५ किलो. ताजी घ्या, डबा उघडल्यावर नाक चुरचुरलं पाहिजे, जुनी पडलेली नुसता चुना असते. कोरड्या मातीत कालवून टाका, युरिया किंवा अमोनियाच्या खतात मिसळू नका, त्याने विषारी वाफ होते. तोंडाला फडकं, हातात मोजे. ट्रायकोडर्मा, स्युडोमोनास ही मित्र-जीवाणू-बुरशीची औषधं टाकणार असाल तर त्याच दिवशी नको, ब्लीचिंग त्यांनाही मारतं, काही दिवसांनी टाका अन् त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. लावतानाच पूर्ण भर लावून टाका म्हणजे नंतर मुळं तोडायला आत जायचं काम नाही.

खरुजेचं थोडक्यात. ती पण जिवाणूच, पण उलट्या स्वभावाची. बांगडीला ओल आवडते, खरुजेला कोरडं रान, त्यातही चुनखडीचं. घरामागचा तुकडा म्हणताय म्हणजे तिथं गोठ्याचं ताजं शेण जात असणार, ते बंद करा, कुजलेलंच टाका. बटाटा धरायला लागतो त्या दिवसांत तिथं ओल तुटू देऊ नका, पावसाने दडी मारली तर हलकं पाणी द्या. अन् कोल्ड स्टोरेजला टाकायच्या आधी बियाण्याचा बटाटा ३ टक्के बोरिक ॲसिडमध्ये, म्हणजे १०० लिटर पाण्याला ३ किलो, अर्धा तास बुडवून सावलीत सुकवतात, तेही खरुजेला चांगलं. ते बियाणं मग खायला वापरायचं नाही, पोत्यावर खूण करून ठेवा.

राहिले चुलते. तुम्ही त्यांच्याबद्दल एकच ओळ लिहिलीये अन् प्रश्न काही विचारला नाही, त्यावरून मला वाटतं बोलणं-चालणं फारसं नसावं. चुकत असेल तर माफ करा. पण पाणी खालीच जातं, ते बांधावर थांबून नातं विचारत नाही. तुमच्या पट्ट्यातून गेलेलं पाणी त्यांच्या बटाट्यात जाणार आहे, कदाचित गेलंय पण. आज सांगितलंत तर ते चर मारतील, कडेची झाडं तपासतील, बियाणं ठेवणार असतील तर थांबतील. नाही सांगितलं अन् दोन महिन्यांनी त्यांना कळलं तर पुढची दहा वर्षं बांधावर तोच विषय. आधी काय बोलायचं सुचत नसेल तर काही बोलू नका, तो काचेचा ग्लास अन् सुकलेल्या झाडाचं खोड घेऊन त्यांच्या ओट्यावर जा, त्यांच्यासमोर पाण्यात धरा. धार उतरायला लागली की पुढचं ते स्वतःच विचारतील.